खापरपणजीच्या ओवीतलं पाडळसे : दीडशे वर्षांपूर्वीच्या खेड्यात तरण्या पोरीपोरांना सोबत कुठे भेटायची?

नदीकाठ | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

परवा आखाजीला माहेरी, जळगाव जिल्ह्यात, जाऊन आले. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि सासुरवाशिणीला दिवाळीपेक्षा तिची ओढ जास्त. घागर भरून झाली, आमरस-पुरणपोळीचं जेवण झालं आणि दुपारी आई ओसरीवर आडवी होऊन जात्यावरची एक ओवी गुणगुणत होती. आमचं जातं कधीच बंद पडलं. त्याची खालची तळी अंगणात पायरी म्हणून बसवलीय. ओवी मात्र आईच्या तोंडात राहिलीय. पाडळशाच्या वाटेकडे डोळे लावून कुणीतरी बसलंय, असं त्या ओवीत येतं.

ही ओवी मी जन्मापासून ऐकतेय, पण प्रश्न परवाच पडला. पाडळशात आमचं आहे कोण? सोयरिक नाही, वावर नाही, देव नाही. आई म्हणाली, "माझी आई म्हणायची, तिची आजी म्हणायची, म्हणून मी म्हणते."

म्हणजे ओवी माझ्या आजीच्या आजीची. तिचा जन्म १८८५ च्या आसपासचा असणार, कारण लग्नात ती अकरा वर्षांची होती आणि लग्नानंतर तीन-चार वर्षांत छप्पन्नचा दुष्काळ पडला, एवढं घरात सांगतात. छप्पन्न म्हणजे संवत १९५६, इसवी सनाच्या हिशेबानं १८९९-१९००.

बहिणाबाई चौधरी आमच्याच भागातल्या. १८८० साली असोद्यात जन्मल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आल्या. अक्षरओळख नव्हती. घरोटावर दळताना सुचलेली गाणी घरच्यांनी उतरून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. मला राहून राहून वाटतं, असोद्यात त्यांच्याबरोबर खेळलेल्या पोरी कोण होत्या? त्या कुठल्या कुठल्या गावी गेल्या? पुन्हा भेटल्या का?

त्या काळातल्या शहरी सुधारकांबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. खेड्यातल्या बारा-पंधरा-अठरा वर्षांच्या पोरापोरींचं आपसातलं जग कसं होतं, ते कुठे भेटायचे, काय बोलायचे, हे मला समजून घ्यायचंय. घरातलं ऐकलेलं, जुन्या माणसांनी सांगितलेलं, वाचलेलं, जे असेल ते लिहा.

आखाजीबद्दल माझ्याकडून एवढं. गौराई बसायची, लिंबाला झोके बांधले जायचे. लग्न झालेल्या पोरींना आणायला भाऊ किंवा चुलता मुराळी म्हणून बैलगाडी घेऊन जायचा. सालदाराचं सालही आखाजीलाच संपायचं, त्यामुळे गडीमाणसंही त्या दिवसांत मोकळी असायची. वर्षातून एकदा सगळ्या पोरी एका झाडाखाली जमणार त्या या दिवसांत. म्हणजे ज्यांचा मुराळी गेला आणि ज्यांच्या सासूनं पाठवलं, त्या.

---

माणदेशी | शनिवार, रात्री १०:३५

नदीकाठताई, धागा फार जवळचा आहे. आमचं गाव आटपाडीच्या बाजूचं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला एका शब्दात दिसतं. तो शब्द 'गडी'. शेतावर राबतो तो गडी आणि आट्यापाट्यांत आपल्या बाजूनं खेळतो तोही गडी. सवंगडी, खेळगडी हे त्यातलेच. पोरींच्या मैत्रिणींना जुन्या मराठीत गडणी म्हणत. राबणं आणि सोबत या दोन्हींना एक शब्द पुरायचा, कारण सोबत भेटायची ती राबतानाच. भेटायचं म्हणून कुणी भेटत नव्हतं. काहीतरी काम निघायचं आणि त्या कामाच्या आडोशानं भेट व्हायची.

आमच्याकडची इर्जिक घ्या. एखाद्याची नांगरट मागं पडली, बैल कमी पडले, घरचा कर्ता अंथरुणाला खिळला, की इर्जिक घालायची. गावातले गडी आपापले बैल आणि नांगर घेऊन त्याच्या रानात उतरायचे. पुष्कळदा चांदण्या रात्री. मजुरी घ्यायची नाही, घरधन्यानं जेवण घालायचं. माझे आजोबा त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगत, की पुढच्या नांगरावरचा गडी गाणं म्हणायला लागला की मागचे सगळे झील धरायचे आणि गावातल्या बायकांना घरात पडल्या पडल्या कळायचं, आज कुणाचा आवाज लागलाय. सुगीत कापणीला भलरी म्हणायचे, तेही असंच. पुढे पात धरणारा तरणा गडी असला की बाकीच्यांना त्याच्या बरोबरीनं विळा चालवावाच लागायचा.

मोट तर मी लहानपणी स्वतः पाहिलीय, अगदी शेवटची शेवटची. बैल धावेवरून खाली निघाले की मोटकरी नाड्यावर बसतो. मोट वर येते, थारोळ्यात भसकन ओतते, पाणी पाटाला लागतं. मग बैल मागं मागं सरकवत पुन्हा विहिरीपाशी आणायचे. या येण्याजाण्याची एक लय असते आणि त्या लयीवर मोटकरी गातो. पहाटेच्या अंधारात एका विहिरीवरून गाणं निघायचं आणि पलीकडच्या विहिरीवरून त्याला उत्तर यायचं. दोन पोरं, मधे दोन-तीन रानं, एकमेकांचं तोंडही दिसत नाही. आजोबा म्हणायचे, त्यांच्या वडिलांचं असं एका पोराशी दोन वर्षं चाललं होतं. समोरासमोर भेट झाली ती थेट जत्रेत, आणि आवाजावरूनच ओळखलं.

पोरांचं दुसरं ठिकाण तालीम. घर दोन खणांचं, त्यात थोरल्या भावाचं लग्न झालेलं. मिसरूड फुटलं की पोरगं झोपायला तालमीत नाहीतर मारुतीच्या देवळात. लाल मातीत ताक, तेल, हळद घालून ती मळायची, हौदा खणायचा, हे पोरांचंच काम. जोर-बैठका, मल्लखांब, लेझीम. गावच्या जत्रेत लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागायच्या, मग नारळावर, फेट्यावर, आणि शेवटी मानाची जोड. कुस्ती मारलेल्या पोराचं नाव पंचक्रोशीत व्हायचं. माझ्या मते पोराला 'मी कुणीतरी आहे' असं पहिल्यांदा वाटायचं ते त्या मैदानात.

---

ओढ्याकाठची | शनिवार, रात्री ११:०५

आमच्या सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हातवारे करकरून एकमेकींना शिव्या घालतात. त्याला बोरीचा बार म्हणतात. मी दोनदा पाहिलाय. वाजंत्री चालू असते, घसा बसेपर्यंत चालतं, आणि संपलं की सगळ्या जणी मोकळ्या होऊन घरी जातात.

वर्षभर सासरी मान खाली घालून वावरणाऱ्या सोळा वर्षांच्या पोरीला एक दिवस पंचक्रोशीसमोर मोठ्यानं ओरडायची मुभा! तिला त्या एका दिवसाचं काय मोल वाटत असेल, ते मला नीट कळतं.

नागपंचमीचे झोके, फेर, वारुळाला जाणं, हे सगळं पोरींचंच. नागपंचमी माहेरीच करायची, हा रिवाज ज्या कुणी घातला तिचे उपकार.

---

जुनं_ते_सोनं | रविवार, सकाळी ७:२०

वाचून मन भरून आलं. किती सुंदर जग होतं ते! ना मोबाइल, ना एकटेपणा. सगळं गाव एक कुटुंब. चांदण्यातली नांगरट, ओव्या, झोके, जत्रा. आजची मुलं चार भिंतींत कोंडलेली आहेत. त्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त सुख होतं, असं मला मनापासून वाटतं.

---

शिवेपलीकडे | रविवार, सकाळी ११:४५

माणदेशी दादांनी लिहिलेलं मला आवडलं, त्यातलं प्रेम खरं आहे. पण 'सगळं गाव एक कुटुंब' हे वाक्य वाचल्यावर गप्प बसवत नाही.

माझे पूर्वज गावकुसाबाहेरचे. कुस्तीच्या मैदानात हलगी लागतेच. हलगी कडाडल्याशिवाय पैलवानाच्या अंगात वारं भरत नाही. ती हलगी वाजवणारे आमचे लोक. पण हलगी वाजवणाऱ्याचं पोरगं तहान लागली म्हणून गावच्या पाणवठ्यावर जाऊ शकत नव्हतं. पोरी पाण्याला जाताना मैत्रिणी होतात म्हणे. होतात ना. पण आमच्या पोरींचा पाणवठा वेगळा, नाहीतर काठावर उभं राहून कुणीतरी वरून ओतण्याची वाट बघायची. दोन पोरी एकाच वयाच्या, एकाच गावात जन्मल्या, एकाच उन्हात शेण गोळा करायला फिरल्या, पण एकमेकींच्या गडणी कधी झाल्या नाहीत. या न झालेल्या मैत्रीची ओवी कुणी म्हटलीय का?

शाळेचंही तेच. १८५६ साली धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि त्याला तो नाकारला गेला. सरकार मुंबई इलाख्याचं, म्हणजे आपलंच. त्याच्या आदल्या वर्षी, १८५५ मध्ये, जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वय चौदा. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, असं तिनं त्यात लिहिलं. एकोणिसाव्या शतकातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या मनात काय होतं ते तिच्याच शब्दांत हवं असेल, तर तिचा तो निबंध वाचा.

आणि तालीम म्हणाल तर पुण्यात लहुजी उस्तादांची होती. मांग समाजातल्या उस्तादाकडे सगळ्या जातींची पोरं दांडपट्टा आणि कुस्ती शिकायला येत. तरुण जोतिरावही तिथे जात. एका हौद्याच्या मातीत सगळी पोरं लोळली, तर त्यांतून काय घडू शकतं ते तिथे दिसलं. खेड्याखेड्यांत असं झालं असतं तर?

तमाशाबद्दलही सांगते. फडावर नाचणारे-गाणारे आमचे, कोल्हाट्यांचे, मांगांचे. समोर बसणारी सगळ्या गावची तरणी पोरं. रेठरे हरणाक्ष गावच्या कुलकर्ण्याचा एक मुलगा, १८६६ चा जन्म, या नादानं घरदार आणि वतन सोडून फडात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्याला फडात नाचणारी, महार समाजातली पवळा भेटली, जात आडवी आली नाही. पण असा एकटाच. बाकीची पोरं रात्रभर फड बघून पहाटे आपापल्या वाड्यात परत जायची आणि सकाळी पुन्हा शिवाशिव सुरू.

---

माणदेशी | रविवार, दुपारी १:१०

शिवेपलीकडेताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इर्जिकीचं मी एवढं कौतुकानं लिहिलं, पण आजोबांना एक प्रश्न मी कधी विचारला नाही: जेवणाच्या पंगती किती उठायच्या आणि कोण कुठे बसायचं? आता विचारायला ते नाहीत. गावात नव्वदीचे एक चुलते आहेत, त्यांना विचारून लिहीन. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

---

दाभोळखाडी | रविवार, दुपारी ३:५०

कोकणातलं लिहितो. आमच्या दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे, म्हणजे महर्षी कर्वे. १८५८ चा जन्म. त्यांचं तरुणपण वाचताना मला खेड्यातल्या पोराची ओढ कशी असते ते कळलं.

१८७५ साली सरकारी नोकरीसाठी लागणारी मुलकी परीक्षा साताऱ्याला होती. समुद्र खवळलेला, बोट मिळेना. तेव्हा मुरुडची ही पोरं चालत निघाली. शंभराहून जास्त मैल, घाट चढून, पावसाचे दिवस, डोक्यावर बोचकं. साताऱ्याला पोचले आणि परीक्षकांनी कर्व्यांना नुसतं पाहून सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. परीक्षेला बसूच दिलं नाही. मी लहानपणी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं. पण आता त्यातला दुसरा भाग जास्त आवडतो: ते दिवस आणि त्या रात्री. वाटेत कुणाच्या तरी पडवीत पाठ टेकायची, ओले कपडे वाळवायचे, उद्या काय विचारतील यावर बोलायचं. पोरांची मैत्री अशाच वाटेवर घट्ट होते.

मुरुडला त्यांचे सोमण गुरुजी होते. दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम त्यांनी या पोरावर सोपवलं होतं. देवळाच्या ओट्यावर तेलाच्या दिव्याशी पोरगा वाचतोय आणि म्हातारी माणसं कान देऊन ऐकतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तिथे जमणारी पोरं जगाबद्दल बोलायला लागली ती त्या वाचनामुळे.

पण त्याच गावानं पुढे काय केलं, तेही लिहायला हवं. १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं आणि मुरुडनं त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या लोकांना बसून वाचून दाखवलं, त्यांनीच.

बाकी आमच्याकडे पोरांचा सण म्हणजे शिमगा. होळीसाठी लाकडं पळवायची आणि कुणी रागवायचं नाही. पालखी नाचवायची, खेळे घेऊन गावोगाव फिरायचं, संकासुराच्या मागे धावायचं. मुंबईत १८५६ साली पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यातली तरणी पोरं मोठ्या संख्येनं तिकडे गेली. वर्षभर गावात म्हातारे, बायका आणि लहान मुलं. शिमगा आला की गाव पुन्हा तरणं व्हायचं. आजही तसंच आहे.

---

मेघा_न | रविवार, सायंकाळी ६:१५

मला एक विचारायचंय. मुलगे आणि मुली एकमेकांशी बोलायचे का? प्रेम वगैरे?

---

साक्षीपुरावा | रविवार, रात्री ८:३०

मेघा, तुम्ही विचारलेलं समजायला आधी वयं डोळ्यांसमोर आणायला हवीत. १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आणि जोतिराव तेरा वर्षांचे. दाभोळखाडींनी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या कर्व्यांचं पहिलं लग्न चौदाव्या वर्षी झालं, बायको आठ वर्षांची. प्रेमात पडायच्या वयाच्या आधीच लग्न उरकलेलं. मुलगी न्हाण येईपर्यंत माहेरी, मग सासरी. आपण ज्याला तरुणपण म्हणतो ते बहुतेक मुलींच्या वाट्याला आलंच नाही. पोरपण संपलं त्या दिवशी संसार सुरू झाला.

संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये आला. नवऱ्यानं बायकोजवळ जाण्याचं किमान वय दहावरून बारा केलं. दहावरून बारा! एवढ्यासाठीसुद्धा केवढं वादळ उठलं. मी हे शिकवताना वर्गातल्या मुलींचे चेहरे पाहते, तेव्हा पुढचं वाक्य बोलायला मला थांबावं लागतं.

तरीही सगळीकडे एकसारखं नव्हतं. कुणबी, माळी, धनगर अशा कितीतरी जातींत विधवेचा पाट लागायचा, मोहतूर व्हायचं, काडीमोडही व्हायची. या दुसऱ्या लग्नात बाईला थोडंफार स्वतःचं मत असायचं, कारण ती तेव्हा लहान पोर राहिलेली नसायची. ब्राह्मण घरातल्या बालविधवेला हे दार बंद. १८५६ मध्ये कायद्यानं पुनर्विवाहाला मान्यता दिली, घरांनी दिली नाही. तेराव्या वर्षी केस उतरवलेल्या मुलीला मंगळागौरीला बोलावत नसत, फुगडीला हात देत नसत. घरात तिच्याच वयाच्या मुली रात्र जागवत पिंगा घालतायत आणि ती माजघरात. मैत्रीची गोष्ट करताना ती माजघरातली मुलगी विसरू नका.

बोलणं व्हायचंच, माणसं आहेत. पाणवठ्यावर, खळ्यावर, आठवडी बाजारात, जत्रेत. पण त्याची नोंद कुठे राहणार? राहिली ती ओव्यांमध्ये, तीही आडवळणानं. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आहेत. त्या ऐकताना लक्षात येतं, की नवऱ्याबद्दल जेवढं आहे त्याहून आईबद्दल, भावाबद्दल आणि शेजीबद्दल जास्त आहे. शेजी म्हणजे शेजारीण, जात्याला दुसरा हात लावणारी. पहाटे जातं दोघींनी ओढायचं असतं. तोंडं समोरासमोर, खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक. घर झोपलेलं. सासू झोपलेली. जे सांगायचं ते तेव्हाच, आणि गाण्यात घालून. म्हणजे कुणी ऐकलं तरी ते गाणंच असतं.

नदीकाठताई, म्हणून तुमच्या ओवीतल्या त्या गावाचा उल्लेख मला साधा वाटत नाही.

---

पाटीदप्तर | रविवार, रात्री ९:००

शाळेचं थोडक्यात. गावच्या पंतोजीकडे धुळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवायची, संध्याकाळी पाढे-परवचा, पावकी-निमकी-दीडकी. कुळकर्ण्याची, वाण्याची पोरं तिथे टिकायची. शेतकऱ्याचं पोरगं हाताशी आलं की गुरांमागे जायचं. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतिराव फुल्यांनी मागणी केली, की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. तेव्हा ऐकलं असतं तर नदीकाठताईंच्या खापरपणजीनं आपली ओवी स्वतःच्या हातानं लिहून ठेवली असती.

---

पेडण्याची | सोमवार, सकाळी १०:२०

आमच्या गोव्यात पौषातल्या चांदण्या रात्री धालो असतात. गावातल्या बायका मांडावर जमतात. मांड म्हणजे ती ठरलेली, सारवलेली जागा, कुणाच्याही अंगणात नव्हे. दोन रांगा समोरासमोर, हातांत हात गुंफून पुढे-मागे झुलायचं आणि गायचं. एका रांगेनं म्हटलं की दुसरी रांग उत्तर देते. पुरुषांना तिथे काम नाही. माझी आजी सांगायची, नव्या सुनेची गावातल्या बायकांशी खरी ओळख मांडावरच व्हायची, कारण दिवसा तिला कुणाशी बोलायची सवड नसायची. पोर्तुगीज अमलातही बायकांनी हे मांड राखले. ते बघताना मला अजूनही अंगावर काटा येतो.

---

वऱ्हाडची_माती | सोमवार, दुपारी १२:४०

आमच्याकडे भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर पोरी रोज संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि खिरापत ओळखायची असते. डब्यात काय ते ओळखेपर्यंत उठायचं नाही. आणि पोळ्याला तोरणाखाली पोरं झडत्या म्हणतात. सावकार, पाटील, सरकार, कुणालाच त्यात सोडत नाहीत. एरवी ज्याच्या दारात मान वर करता येत नव्हती, त्याच्यासमोर त्या दिवशी मोठ्यानं म्हणायची सोय. ओढ्याकाठचींनी बोरीच्या बाराबद्दल लिहिलं तेव्हा मला हेच आठवलं.

---

जुनं_ते_सोनं | सोमवार, दुपारी २:००

शिवेपलीकडे आणि साक्षीपुरावा, तुमचे प्रतिसाद वाचले. 'सगळं गाव एक कुटुंब' हे मी लिहायला नको होतं. मी मागे घेतो. माझ्या आजीची मोठी बहीण बालविधवा होती. घरातल्या एकाही फोटोत ती नाही, हे मला आज तुमचं लिखाण वाचताना लक्षात आलं.

---

नदीकाठ | बुधवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. साक्षीपुरावाताईंचा प्रतिसाद वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आईच्या मावशीला फोन लावला. मावशी शहाऐंशी वर्षांची आहे. ऐकू कमी येतं, पण आठवण स्वच्छ.

मी पाडळशाचं नाव काढलं तर म्हणाली, "ती तिच्या गडणीची ओवी ना!" जणू काही सगळ्यांना ठाऊकच आहे. घरात कुणी विचारलं नाही म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही.

खापरपणजीच्या शेजारच्या घरात तिच्याच वयाची एक मुलगी होती. दोघींचं दळण एका जात्यावर, शेण-गोवऱ्या एकत्र, गौराई एकत्र. एकाच वर्षी लग्नं झाली. एक सासरी राहिली ती चार कोसांवर, दुसरी पाडळशाला गेली, तापीच्या बाजूला. त्यानंतर वर्षातून एकदाच गाठ, आखाजीला. दोघींचा झोका ठरलेला. पाटावर दोघींनी समोरासमोर उभं राहायचं आणि आळीपाळीनं गुडघे वाकवून झोका चढवायचा. एकटीला तो झोका घेताच येत नाही.

छप्पन्नच्या दुष्काळात चारा संपला. गडणीच्या भावाचे दोन्ही बैल गेले. आखाजीला पाडळशाला गाडी गेलीच नाही. खापरपणजी तेव्हा पंधरा वर्षांची, कडेवर पहिलं मूल. मावशी म्हणते, त्या आखाजीला ती दिवसभर झोक्यावर चढली नाही, लिंबाखाली पाडळशाच्या वाटेकडे तोंड करून बसून राहिली. मूल भुकेनं रडायला लागलं तेव्हा उठली. पुढच्या वर्षी बैल नव्हतेच, म्हणून भाऊ पायी निघाला मुराळी म्हणून. तो एकटाच परत आला. बाळंतपणात गेली म्हणे, आधीच्या थंडीत. सासरच्यांनी निरोपही धाडला नव्हता.

मी मावशीला गडणीचं नाव विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाव ओवीत नाही गं. गावच आहे. सासरी दळताना नाव घेतलं असतं तर सासूनं विचारलं असतं, ही कोण."

इथे यावल तालुक्यातल्या पाडळशाचं कुणी आहे का? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्या गावाकडून तिथे दिलेली, लवकर गेलेली सून, एवढाच धागा माझ्या हातात आहे. आमच्या गावाचं नाव निरोपातून कळवेन.

---

केळीचं_बन | बुधवार, रात्री ११:३०

ताई, माझं आजोळ पाडळशाच्या शेजारच्या गावात आहे. मामा अजून तिथेच राहतात आणि पाडळशात त्यांचं रोजचं जाणं-येणं असतं. उद्या सकाळी फोन करते. निरोपात गावाचं नाव आणि तुमच्याकडचं घराणं कुठलं ते कळवा. खापरपणजीची ती ओवी आईच्या आवाजात नोंदवून पाठवता आली तर तीही पाठवा. मामींना म्हणून दाखवते, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या बायकांना विचारता येईल, की समोरच्या बाजूनं कुणी अशीच ओवी म्हणत होतं का.